पाच ओळींमागची नव्वद वर्षं

(रेडिओ भाषणाचा संपादित भाग)

माझी पुतणी गणितात एम.एस्सी. करते. मागच्या सुटीत घरी आली, तेव्हा एका संध्याकाळी वही घेऊन माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, ‘‘चाचा, तुम्ही शब्द मोजून लिहिणारे. या पाच ओळी कुणाला आणि कशा सुचल्या असतील, सांगा.’’ वहीत खरोखर पाचच ओळी होत्या. वर लिहिलं होतं, ‘बी-एन जोडीची गृहीतकं’. मी बी.ए. झालेला माणूस, गणिताचा आणि माझा संबंध दहावीला संपला. मी म्हटलं, ‘‘तुझ्या सरांना विचार.’’ तिनं विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं की, गृहीतक म्हणजे गृहीत धरायचं, तिथं ‘का’ विचारायचं नसतं. पाठ कर, परीक्षेला येतं. पोरगी खट्टू झाली होती. हा पेपर सोडून दुसरा घेते म्हणत होती.

तिचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण तिचा प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला. आम्ही गझल लिहिणारी माणसं अरूज म्हणजे अरबी-फारसी छंदशास्त्र शिकतो, तेव्हा आधी वृत्तांची नावं आणि लगावल्या पाठ करतो. जणू आधी नियम झाले आणि मग कविता आली. झालं उलटं. आठव्या शतकात बसरा शहरात खलील इब्न अहमद नावाचा विद्वान होऊन गेला. अरब कवी त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून कविता म्हणत होते, आणि बिनचूक वृत्तात म्हणत होते. खलीलनं ती कविता ऐकली, मोजली आणि तिच्यातून पंधरा वृत्तं काढून ती पाच वर्तुळांत बसवली. बाजारातल्या ठोक्यांचा आवाज ऐकून त्याला हे सुचलं अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ काढली, तेव्हाही गझल शेकडो वर्षांची होती. तेव्हा पुतणीला मी एवढंच म्हटलं, ‘‘या ओळी कुणाला एका रात्रीत सुचल्या नसणार. त्या कशातून तरी गाळून काढल्या असणार. कशातून, ते शोधू या.’’ पुढचे काही महिने तिची पुस्तकं आणि माझे प्रश्न असं आमचं चाललं. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी ‘गट’ म्हणजे काय ते. घरातली एक चौकोनी फरशी उचला, फिरवा, पालथी करा आणि पुन्हा त्याच खड्ड्यात बसवा. असं आठ तऱ्हांनी करता येतं. एक तऱ्हा करून लगेच दुसरी केली, तरी निकाल त्या आठांपैकीच एक असतो. आणि केलेली कुठलीही तऱ्हा परत फिरवता येते. अशा हालचालींच्या भरल्या कुटुंबाला गणितात गट म्हणतात. समीकरणं सुटतात की नाही, हे त्यांच्या उत्तरांच्या अदलाबदलींचा गट पाहून ठरतं, ही दृष्टी फ्रान्सच्या एव्हारिस्त गाल्वाची. २९ मे १८३२च्या रात्री त्यानं मित्राला लांब पत्र लिहून आपलं सगळं काम सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो द्वंद्वयुद्धात जखमी झाला आणि ३१ मे रोजी गेला. वय वीस. त्या पत्रात ज्या गटांचा विचार आहे, त्यांतल्या एकात १६८ हालचाली आहेत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जशा संख्यांमध्ये मूळ संख्या, तसे गटांमध्ये काही गट असतात. त्यांची आणखी फोड होत नाही आणि बाकीचे सगळे त्यांच्यापासून बनतात. गणिती त्यांना ‘साधे’ गट म्हणतात. नाव सोडलं तर त्यांत साधं काही नाही. १८७० साली कामीय झोर्दां या फ्रेंच गणितज्ञानं मोठा ग्रंथ लिहून अशा गटांची काही घराणी मांडली. १९०१ साली अमेरिकेच्या लिओनार्ड डिक्सननं ती वाढवली. पण प्रत्येक घराण्याचा हिशेब निराळा. हे घराणं साधं आहे का? वीस पानांची सिद्धता. ते? पुन्हा पहिल्यापासून, निराळी युक्ती. घराण्यांचा चेहरामोहरा सारखा आहे हे दिसत होतं, पण सारखं नेमकं काय आहे, ते शब्दांत सापडत नव्हतं. १९५५ साली क्लोद शव्हाले यांनी जपानच्या तोहोकू गणित-नियतकालिकात एक लेख लिहिला आणि बरीचशी घराणी एकाच कृतीनं उभी करून दाखवली. त्यात काही अगदी नवी होती. पण तीही कृतीच होती. स्वयंपाकाची कृती मिळाली म्हणजे चव कशानं येते ते कळलं, असं होत नाही.

ते ‘सारखं’ काय होतं? ते दहावीच्या वर्गातच बसलं होतं.

तीन अज्ञातांची तीन समीकरणं आठवा. एका समीकरणाला कशानं तरी गुणून दुसऱ्यातून वजा करायचं, एकेक अज्ञात उडवत जायचं. यालाच लोप पद्धत म्हणतात. नीट केलं तर शेवटी पायऱ्यांचा आकार उरतो: सगळ्यात वर तीन अज्ञातांची ओळ, मग दोनांची, मग एकाची. सहगुणकांचा चौकोनी तक्ता लिहिला, तर कर्णाच्या खाली सगळी शून्यं. हा झाला त्रिकोणी तक्ता. पण मध्येच अडतं. ज्या अज्ञातापासून सुरुवात करायची, त्याच्यापुढेच शून्य निघतं. मग काय करतो? निमूटपणे ओळींची अदलाबदल करतो आणि पुढे जातो. (जाता जाता सांगतो: नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीनं समीकरणं सोडवायच्या ज्या दोन क्रिया पुस्तकाच्या नावातच घातल्या, त्या ‘जब्र’ आणि ‘मुकाबला’. पहिल्या शब्दावरून इंग्रजीतला ‘अल्जिब्रा’ आला. आपल्याकडे ‘मुकाबला’ तर जसाच्या तसा आहे.)

म्हणजे एकूण क्रिया दोनच प्रकारच्या: त्रिकोणी आणि अदलाबदलीच्या. १९५० नंतरच्या काही वर्षांत फ्रांस्वा ब्रुआ या तरुण फ्रेंच गणितज्ञानं हे नेमकेपणानं पाहिलं. समीकरणांना एकच उत्तर देणारा कुठलाही चौकोनी तक्ता घ्या, त्याचे तीन तुकडे पडतात: एक त्रिकोणी, मग एक निव्वळ अदलाबदल, मग पुन्हा एक त्रिकोणी. आणि मधली अदलाबदल कोणती, हे त्या तक्त्यानं आधीच ठरवलेलं असतं. तुम्हाला निवड नाही. तीन ओळींच्या तक्त्यांना अशा अदलाबदली सहाच. तक्ते अगणित असोत, त्यांची घरं सहा. ब्रुआ यांनी हे जुन्या घराण्यांसाठी तपासलं होतं. त्या जातीच्या सगळ्याच गटांना ते लागू पडतं, हे १९५६ साली एका झटक्यात सिद्ध केलं ते हरीशचंद्र यांनी. कानपूरचा जन्म, अलाहाबादेत शिक्षण, बंगळुरात होमी भाभांच्या हाताखाली भौतिकशास्त्र, तिथून केंब्रिजला डिरॅककडे, आणि मग भौतिकशास्त्र सोडून गणित. त्यांच्या लेखाचं नावच ‘ब्रुआ यांच्या एका उपप्रमेयाविषयी’ अशा अर्थाचं आहे. पुढे १९५८ साली ब्रुआ स्वतः मुंबईला आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयावर व्याख्यानं दिली, आणि एस. रामनन यांनी त्यांची टिपणं तयार केली. कुलाब्याच्या समुद्रावरची संस्थेची इमारत उघडली ती १९६२ साली, म्हणजे त्यानंतर. या शहराच्या इतिहासात अशी व्याख्यानं कुणी नोंदत नाही, याचं मला जरा वाईट वाटतं.

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. झाक तीत्स. १९३० साली ब्रुसेल्सजवळच्या उकल इथं जन्म. वडील गणितज्ञ, पण झाक तेरा वर्षांचा असताना ते वारले. घराला हातभार म्हणून हा मुलगा स्वतःहून मोठ्या विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेई. चौदाव्या वर्षी विद्यापीठात गेला, विसाव्या वर्षी डॉक्टर झाला. त्याची ओढ भूमितीकडे. शव्हाले यांनी जे गट बीजगणितानं उभे केले, त्यांपैकी काहींना डोळ्यांपुढे आणता येईल असं रूप नव्हतं. गट म्हणजे कशाच्या तरी हालचाली ना? मग हे गट हलवतात तरी कशाला? फरशी कुठे आहे? तीत्स ती फरशी शोधत होते.

१९६२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तात तीत्स यांचं छोटंसं टिपण आलं, जेमतेम तीन पानांचं. त्यांनी तक्तेच बाजूला ठेवले. ब्रुआ यांच्या प्रमेयाला खरोखर लागतं किती, एवढाच प्रश्न विचारला. उत्तर: एक गट, त्यातले दोन उपगट आणि काही अटी. पहिला बी, हे अक्षर आरमां बोरेल यांच्या नावातलं. तक्त्यांच्या उदाहरणात तो त्रिकोणी तक्त्यांचा उपगट. दुसरा एन, ‘नॉर्मलायझर’ या शब्दाचं आद्याक्षर. उदाहरणात हे असे तक्ते, की प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत शून्य नसलेला आकडा एकच. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती असे ठेवा की कुणी कुणाला मारू शकणार नाही; तसे. पुतणीच्या वहीतल्या त्या ओळी पुढे पुस्तकांत स्थिरावलेल्या रूपात होत्या. साध्या मराठीत त्या अशा. पहिली: बी आणि एन मिळून सगळा गट तयार होतो. दुसरी: दोघांत जे सामाईक आहे, ते एनमध्ये असं बसलेलं आहे की बाजूला सारलं तरी उरतं तो गटच, उदाहरणात उरतात त्या सहा अदलाबदली. तिसरी: हा उरलेला गट अशा थोड्या हालचालींनी बनतो, ज्या दोनदा केल्या की मूळपदावर येतात. शाळेत प्रार्थनेला उभी असलेली रांग पाहा. शेजारच्या दोघांनी जागा बदलायची, एवढ्याच क्रियेनं रांगेची कुठलीही मांडणी करता येते.

चौथ्या ओळीपाशी आम्ही दोघं दोन आठवडे अडलो. सगळा जीव तिच्यात आहे. ती म्हणते: शेजाऱ्यांची एक अदलाबदल, मग बीमधली कुठलीही हालचाल, मग कुठलीही एक मांडणी, अशा क्रमानं केलं, तर निकाल दोनच घरांपैकी एकात सापडेल. एक तर त्या मांडणीच्या जुन्या घरात, नाहीतर अदलाबदल होऊन आलेल्या नव्या मांडणीच्या घरात. तिसरीकडे कुठेही नाही. लोप पद्धतीत आपण प्रत्येक पायरीला जे करतो, तेच हे. पुढ्यात शून्य आहे की नाही, एवढं पाहायचं. असेल तर एक रस्ता, नसेल तर दुसरा. पाचवी ओळ छोटी आणि अगदी व्यवहारी: अशी अदलाबदल केली की बी जागचं हलतंच. हलत नसेल तर ती अदलाबदल काय कामाची!

एवढंच. यात आकडे नाहीत, तक्ते नाहीत, घराण्यांची नावं नाहीत. आणि ब्रुआ यांचं प्रमेय या पाचांतून पानभरात निघतं.

आता ती फरशी. तिच्यासाठी १६८चा गट पुरेसा आहे. सात बिंदू आणि सात रेषा असलेली एक चिमुकली भूमिती आहे: प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा. सातवी रेषा कागदावर वाकडी काढावी लागते, तिकडे दुर्लक्ष करा. एक बिंदू आणि त्यातून जाणारी एक रेषा, या जोडीला ‘खोली’ म्हणू. खोल्या झाल्या एकवीस. दोन खोल्यांचा बिंदू एक किंवा रेषा एक असेल, तर त्या शेजारी. आता एका रेषेवर नसलेले तीन बिंदू घ्या. त्यांच्या त्रिकोणाभोवती सहा खोल्यांचं कडं तयार होतं. याला म्हणायचं ‘अपार्टमेंट’. असे त्रिकोण अठ्ठावीस. आणि कुठल्याही दोन खोल्या घ्या, दोघींना पोटात घेणारं एखादं अपार्टमेंट सापडतंच. ब्रुआ यांचं प्रमेय हेच सांगत होतं!

या भूमितीच्या हालचाली १६८. एका खोलीला न हलवणाऱ्या आठ, तो बी. एका अपार्टमेंटला जागेवर ठेवणाऱ्या सहा, तो एन. एकवीस गुणिले आठ, १६८. अठ्ठावीस गुणिले सहा, तेही १६८. त्या रात्री आम्ही हा गुणाकार वहीच्या मागच्या पानावर केला आणि पुतणी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं एका खोलीत उभं राहून बाकीच्या मोजल्या. ब्रुआ यांच्या सहा घरांप्रमाणे त्या पडतात १, २, २, ४, ४ आणि ८. बेरीज एकवीस. हे सगळे दोनाचे घात आहेत, कारण ही भूमिती शून्य आणि एक अशा दोनच संख्यांवर उभी आहे. दोनाच्या जागी एक घातला, तर सहाही घरांत एकेक खोली उरते, म्हणजे फक्त अपार्टमेंट उरतं. तीत्स यांनी हे १९५७ सालीच ताडलं होतं, आणि ‘एकच संख्या असलेली संख्याव्यवस्था’ अशी अशक्य वाटणारी कल्पना मांडून ठेवली होती. तिच्यामागे गणिती अजून लागलेले आहेत.

या रचनेचं फ्रेंच नाव ‘इम्यब्ल’, म्हणजे इमारत. खोल्या, भिंती, अपार्टमेंट, गॅलरी हा सगळा शब्दसंसार बूर्बाकी या टोपणनावानं लिहिणाऱ्या फ्रेंच गणितज्ञांच्या मंडळीनं रूढ केला. शव्हाले त्या मंडळीच्या संस्थापकांपैकी. १९६८ साली निघालेल्या त्यांच्या खंडात बी-एन जोडीला ‘तीत्स व्यवस्था’ असं नाव मिळालं आणि ती पाठ्यपुस्तकात गेली. इथूनच ती विद्यार्थ्यांना आधी भेटू लागली, इतिहास गळून पडला. गणितातली ‘गॅलरी’ म्हणजे शेजारून शेजारी जात एका खोलीतून दुसऱ्या खोलीपर्यंतची वाट. चाळीत वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

या ओळींचा उपयोग काय झाला, तेही सांगायला हवं. १९६४ साली तीत्स यांनी दाखवलं की गटात अशी जोडी असेल आणि आणखी चार-दोन अटी पुऱ्या होत असतील, तर तो गट साधा असलाच पाहिजे. झोर्दांच्या ग्रंथापासून घराण्यागणिक निराळी चाललेली मेहनत एका सिद्धतेत आली. १९७४ साली त्यांनी उलट दिशेनं जाऊन आणखी मोठं काम केलं: पुरेशा उंचीची अशी कुठलीही इमारत कुठून ना कुठून त्या ओळखीच्या घराण्यांतूनच आलेली असते, हे सिद्ध केलं. मर्यादित साध्या गटांची संपूर्ण यादी करण्याचं काम शंभरावर गणितज्ञांनी मिळून केलं. तिच्यातलं शेवटचं मोठं भगदाड २००४ साली ॲशबाखर आणि स्मिथ यांनी हजाराहून जास्त पानं लिहून बुजवलं. यादीत अठरा अनंत घराणी आहेत आणि सव्वीस एकटे गट. अठरांपैकी सोळा घराणी बी-एन जोडीची.

तीत्स ब्रुसेल्सहून जर्मनीत बॉनला आणि तिथून पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये गेले. तिथल्या पदासाठी फ्रेंच नागरिकत्व लागे, आणि बेल्जियमचा कायदा तेव्हा दोन नागरिकत्वं चालू देत नसे. १९७४ साली त्यांनी जन्मदेशाचं नागरिकत्व सोडलं. आयुष्यभर इमारती उभ्या करणाऱ्यालाही घर बदलावं लागलंच. २००८ साली जॉन थॉम्प्सन यांच्याबरोबर त्यांना नॉर्वेचं आबेल पारितोषिक मिळालं. ५ डिसेंबर २०२१ रोजी पॅरिसमध्ये ते गेले.

एक गोष्ट राहिली. ती पुतणीनं परवा फोनवर सांगितली; पेपर तिनं सोडलेला नाही. १९६४च्या त्या प्रमेयातल्या ‘चार-दोन अटी’ काही घराण्यांच्या अगदी पहिल्या, लहान गटाला लागू होत नाहीत. तिथं गट स्वतः साधा नसतो, पण त्याच्या आत एक साधा गट दडलेला असतो. अशा एका गटाचा नेमका अर्धा भाग तीत्स यांनी तपासला आणि तो साधा आहे हे दाखवलं. त्यात १,७९,७१,२०० हालचाली आहेत, आणि गणितात त्याला ‘तीत्स गट’ म्हणतात. त्याला घराण्यात धरायचं की एकट्यांत सत्ताविसावा म्हणून, यावर आजही दोन मतं आहेत. कारण साध्या गटांच्या त्या सोळा घराण्यांमध्ये बी-एन जोडी नसलेला तेवढा एकच आहे. ‘‘चाचा, ज्याला सरांचं नाव आहे ना,’’ ती हसत म्हणाली, ‘‘त्यालाच सरांच्या पाच ओळी लागत नाहीत!’’